खड्ड्यात बसून शिकवलेला फेर

गेल्या वर्षी निपाणीस माझ्या बहिणीच्या नातवाचे लग्न झाले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडची पुरुषमंडळी हातात हात गुंफून देवीपुढे फेर धरून नाचली. अर्धे वर्तुळ पुढे गेली, थबकली आणि तेवढेच मागे आली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. नाच उत्तम झाला. त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर ध्वनिक्षेपक हाती घेतलेल्या गृहस्थांविषयी. त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले की, हा 'उलटा फेर' त्यांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालत आला असून, पूर्वज रणांगणावर शत्रूला हुलकावणी देण्यासाठी जी चाल करीत तिचे ते स्मरण आहे. मी जागीच उठून उभा राहिलो आणि "हे साफ खोटं आहे," असे स्पष्ट शब्दांत म्हणालो. माझ्या हाती जेवणाचे ताट देण्यात आले.

ताट मी रिकामे केले, पण मत बदलले नाही. ज्या पूर्वजांविषयी ते बोलत होते, ते शहापुरात आमच्या शेजारच्या गल्लीत लुगडी विणीत असत. त्यांनी शस्त्र उचललेच असेल तर सुताची खळ खाणाऱ्या उंदरांवर उचलले असेल.

याच फेराविषयी वडगावात दुसरी कथा सांगतात. तिच्यात माझे मामा थोर मनाचे महापुरुष होतात आणि मी कोठेच नसतो. तिसरी कथा माझ्या घरात सांगितली जाते. ती सांगणारी व्यक्ती मला दोन वेळचे जेवण वाढते, त्यामुळे तिचा प्रतिवाद जपून करावा लागतो. तिचे म्हणणे असे की, मला नाचता येत नव्हते म्हणून मी मागाच्या खड्ड्यात बसून राहिलो आणि पाहुण्यांना खरे शिकवले ते तिने.

या तिन्ही कथांतील माणसे मी जवळून पाहिलेली आहेत. फेर माझ्या घरात शिकवला गेला, माझ्या समोर शिकवला गेला आणि माझ्या तोंडून शिकवला गेला. तेव्हा आता मी सांगतो ते ऐकावे.

दुसरे महायुद्ध सुरू व्हायला अद्याप अवकाश होता. आईवडील दोघेही गेलेले. शहापुरातील ते अरुंद घर, समोरच्या खोलीतला एक माग, नुकतीच घरात आलेली बायको आणि लग्नाची बहीण एवढा संसार माझ्याकडे आला होता. आमच्या भागात बहिणीच्या मुलीवर मामाचा पहिला हक्क मानतात. त्याने आपल्या मुलासाठी तिला मागितली तर नकार देणे म्हणजे भांडण विकत घेणे. आमचे मामा वडगावात राहत. शेते ओलांडली की वडगाव. त्यामुळे भांडणही लांबून यायचे नव्हते. त्यांचा मुलगा सरळ होता, कष्टाळू होता, आणि माझ्या बहिणीला तो मुळीच नको होता.

"का नको?" मी विचारले.

"अण्णा, त्येच्यासंगं मी चिंचा चोरल्यात," ती म्हणाली. "झाडावरनं पडून रडताना बघितलंय त्येला. त्येला मालक म्हणताना मला हसू येईल."

हे कारण जातीच्या वडीलधाऱ्यांपुढे मांडण्याजोगे नव्हते. तेवढ्यात निपाणीचे स्थळ आले. ती मंडळी आमच्यापैकीच, पण एक पिढी आधी शहापूर सोडून गेलेली. माग मोडून त्यांनी तंबाखूच्या वखारीत नोकऱ्या धरल्या होत्या. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम रीतसर झाला. सर्वांनी तिला रीतसर प्रश्न विचारले. मुलाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मला काय विचारायचं न्हाय. त्यांस्नीच काय विचारायचं आसंल तर विचारू द्या."

असे कोणी म्हणत नसे. बहिणीने मान वर न करता विचारले, "तंबाखू खाता काय?"

"न्हाय," तो म्हणाला. "वखारीत वासानंच पोट भरतंय."

बहीण हसली. हसू आवरण्यासाठी तिने पदर तोंडाशी नेला, पण ते सर्वांना दिसायचे ते दिसले. माझ्या लेखी सोयरीक त्या क्षणी ठरली.

मामांच्या लेखी ठरली नव्हती. दुसऱ्याच दिवशी ते आमच्या कट्ट्यावर येऊन बसले. पाणी दिले ते घेतले नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळले.

"निपाणीकर!" ते म्हणाले. "माग सोडून गेलेली माणसं. पोत्यावर बसून बसून त्यांच्या पायांस्नी आता येतंय तरी काय?"

"चालता येतंय की, मामा."

"चालता म्हशीलाबी येतंय. फेर येतो काय?"

येथे फेराविषयी सांगितले पाहिजे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कुलदेवीच्या पटांगणात दोन्हीकडच्या पुरुषांनी हात धरून एकच वर्तुळ करायचे आणि हलगीच्या तालावर नाचायचे, अशी आमची रीत. नवरदेवाला हळद लागलेली असते, म्हणून तो फेरात नसतो. फेराच्या अग्रभागी नवरीचा मामा असतो. हलगी थांबवण्याची खूण तोच करतो. नियम एकच. हलगी वाजते तोवर हात सोडायचा नाही. ज्या बाजूच्या माणसाकडून हात सुटला ती बाजू हरली. एरवी हरलेल्यांची रात्रभर टिंगल होई, एवढीच त्याची शिक्षा. मामांनी मात्र जातीची चार वडील माणसे बोलावून त्यांच्यादेखत सांगितले, "ज्यांस्नी देवीपुढं फेर धराय येत न्हाय त्ये आमचं न्हवंत. हात सुटला, तर पोरगी वडगावात यील. न्हाय सुटला, तर मी सवता मामा म्हणून तिच्या मागं हुबा ऱ्हाईन."

वडील माणसांनी माना डोलावल्या. मी विरोध केला. पण माझे वय तेव्हा असे होते की माझ्या विरोधाची नोंद घेण्याची पद्धत नव्हती. बहीण दाराआड उभी राहून सर्व ऐकत होती. तिच्या साऱ्या जन्माचा निकाल निपाणीकरांच्या पंजांवर येऊन ठेपला होता.

मी निपाणीस निरोप धाडला. व्याही सर्व्हिस मोटारीने तातडीने आले. भले मोठे, शांत गृहस्थ. सर्वजण त्यांना आप्पा म्हणत.

"आण्णा," ते म्हणाले, "फेर आमच्या वडलांस येत हुता. मी बघितलाय त्यो त्यांच्या खांद्यावर बसून."

"मग थोडा आठवत असेल."

"त्यांचं डोस्कं आठवतंय."

आता मामांच्या कानावर ही गोष्ट जाता कामा नये हे उघड होते. निपाणीकरांना फेर येत नाही हे त्यांना नक्की कळले असते, तर त्यांनी हलगी पहाटेपर्यंत वाजवली असती. म्हणून असे ठरले की आप्पा, त्यांचे धाकटे बंधू आणि तीन पुतणे यांनी लग्नाचा बस्ता खरेदी करण्याच्या निमित्ताने आमच्याकडे येऊन राहावे. शहापुरात बस्ता बांधायला येणे यात संशयास्पद काही नव्हते. संशयास्पद होते ते त्याला लागणारे दिवस. गल्लीतली एक आजी माझ्या बायकोला विचारू लागली, "कसलं गं पाव्हणं हे? एक लुगडं घ्याय किती दीस? निपाणीत उजेड न्हाय काय?"

"रंगावर आडलंय, आज्जी," बायको सांगे.

जागेचा प्रश्न मोठा होता. उघड्यावर शिकवणे शक्य नव्हते. घरात मोकळी अशी एकच खोली, समोरची. आणि तिचा अर्धा भाग मागाने व्यापलेला. आमचा माग खड्ड्याचा. विणकर जमिनीच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांखालच्या पट्ट्या दाबतो. गुंजीकडच्या जंगलातल्या सागवानाचे त्याचे खांब जमिनीत गाडलेले होते. तो हलवता येत नव्हता, आणि येत असता तरी मी हलवला नसता, कारण त्यावर बहिणीचे लग्नाचे लुगडे चढलेले होते. विणकराने बहिणीला दुकानातले लुगडे नेसवून पाठवणे म्हणजे काय, हे माग सोडलेल्यांना कळायचे नाही.

आवाजाचाही प्रश्न होता. पाच पुरुषांनी टाचा आपटल्या तर भिंतीपलीकडच्यांना कळणार. येथे मी जी युक्ती योजली तिचे श्रेय आजवर कोणी मला दिलेले नाही. फेराचे पाऊल असे असते: उजवा पाय पुढे, डावा त्याला येऊन मिळतो, गुडघ्यात किंचित लवण, आणि मग टाच जमिनीवर. माग चालताना धोटा इकडून तिकडे जातो आणि मग फणी सुतावर आदळते. फणी आदळते त्याच क्षणी टाच आपटली, तर बाहेर ऐकू येणार फक्त माग. दुपारी आमच्या गल्लीत घरोघरी माग चालू असत. त्यात एकाचा खटका थोडा जाड पडला तर कोणाचे लक्ष जाणार?

म्हणजे लुगडेही पुढे सरकेल, तालही मिळेल आणि गुप्तताही राहील. एवढे तीन हेतू एकाच वेळी साधायचे म्हणून मी मागावर बसलो. नाचता येत नव्हते म्हणून नव्हे. तीन गल्ल्यांत माझ्याइतका स्वच्छ फेर धरणारा दुसरा नव्हता. ज्यांना हे पटत नाही त्यांनी त्या काळच्या माणसांना विचारावे. ती आता हयात नाहीत, हा माझा दोष नव्हे.

अशा रीतीने दुपारच्या जेवणानंतर शिकवणी सुरू झाली. मी कमरेपर्यंत खड्ड्यात. समोर पाच निपाणीकर धोतरे खोचून, हातात हात घालून उभे.

"उजवा पाय टाका," मी म्हणालो आणि धोट्याची दोरी ओढली.

"कसा टाकायचा त्यो दावा की," धाकटे बंधू म्हणाले. त्यांना सर्वजण काका म्हणत. ते अंगाने आप्पांच्या दीडपट आणि शेंगापोळीचे भोक्ते होते. दुपारी त्यांच्या पोटात त्या पोळ्या असत आणि त्यांचा परिणाम डाव्या पायावर होई.

"माझ्या खांद्याकडं बघा. उजवा खांदा खाली गेला की उजवा पाय."

"खांदं दिसत्यात, आण्णा. पर नाचाय पाय लागत्यात न्हवं? तुमचं पाय कुठं हाईत?"

"कामात आहेत."

पुतणे हसले. हात सुटले. मी फणी जोराने आपटली.

याच वेळी स्वयंपाकघराच्या दारातून माझी बायको बाहेर आली, लुगड्याचा ओचा किंचित उचलून तिने एक पाऊल टाकून दाखवले, "आसं," म्हणाली आणि आत गेली. हे एकदा घडले. फार तर दोनदा. पुढे तिच्या सांगण्यात त्याची रोजची शिकवणी झाली आणि मी मागावर बसून तिला साथ करणारा हलगीवाला झालो. खांद्यावरून पाऊल ओळखणे ही अवघड गोष्ट ते लोक त्यानंतर लगेच शिकले, हे मला मान्य आहे. पण कोणतीही विद्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागतोच. त्या वेळी दारात कोण उभे होते याला महत्त्व नाही.

ते दाराकडच्या भिंतीपासून निघत, मागासमोरून अर्धचंद्राकार जात आणि स्वयंपाकघराच्या भिंतीशी पोचत. तेथून पुढे जायचे तर माग आडवा. म्हणून तेथे थबकायचे, टाच आपटायची आणि उलट पावली परत दारापाशी यायचे. ही सोय होती. जागेची सोय. आणि मी त्यांना तसे सांगितलेही होते. निपाणीकर आज म्हणतात की अण्णांनी तसे कधी सांगितलेच नाही. मी सांगितले होते. "पटांगणात माग नाही, तिथं थांबायचं नाही, सरळ पुढं जायचं," हे शब्द मी खड्ड्यातून मोठ्याने उच्चारले होते आणि आप्पांनी "कळलं, कळलं," असे उत्तर दिले होते. शिवाय, पटांगणात माग नसतो ही गोष्ट मोठ्या माणसांना सांगावी लागते काय?

तिसऱ्या की चौथ्या दुपारी घात व्हायचा राहिला. पाहुणे ऐन रंगात होते. दार लोटलेले होते, कडी लावलेली नव्हती. ते ढकलून मामा आत आले.

पुतणे जेथे होते तेथे खाली बसले. आप्पा भिंतीकडे वळून खुंटीवरचा पटका पाहू लागले. काकांना मात्र वेळ मिळाला नाही. त्यांचा डावा पाय नेहमीप्रमाणे उशिरा निघाला होता आणि तो हवेतच राहिला.

मामा त्या पायाकडे पाहत उभे राहिले.

"पाव्हण्यांस्नी मुंग्या आल्यात," आतून बायको म्हणाली.

"लई बसणं हुतंय," काका म्हणाले आणि पाय झटकू लागले.

मामा मागापाशी आले. त्यांनी वाकून लुगड्याच्या काठावरून बोट फिरवले. "वाटंत हुतो तवापास्नं तुझा माग ऐकतोय रं, भाच्या. आवाज गाडीभर आन् कापड वीतभर?"

"काठ नाजूक आहे, मामा. सावकाश चाललंय."

"फणी लई जोरात हाणतोस. सूत तुटंल."

"सूत घट्ट आहे."

त्यांनी एकवार पाहुण्यांच्या पायांकडे पाहिले. सारवलेल्या जमिनीचा पोपडा पाचांच्याही टाचांना चिकटलेला होता. मामा "चांगलं विण," एवढेच म्हणून निघून गेले. वडगावकर म्हणतात की त्यांना त्याच वेळी सर्व कळले होते आणि त्यांनी मोठ्या मनाने डोळेझाक केली. हे त्यांना कोणी सांगितले? मामांनी तर नाही. मामा स्वतःच्या मनातले स्वतःलाही सांगत नसत.

बहीण त्या दिवसांत आत बसून धोट्याच्या कांड्यांवर सूत भरी. नवऱ्याकडच्या माणसांपुढे तिने येण्याचा प्रश्नच नव्हता. एका संध्याकाळी पाहुणे बाहेर गेले असता ती म्हणाली, "अण्णा, धाकल्या मामंजींचा डावा पाय मागं पडतोय."

"तू बघतेस काय?"

"बघाय कशाला पायजे? आईकू येतंय की. चार टाचा फणीसंगं पडत्यात, पाचवी मागनं." मग सूत गुंडाळता गुंडाळता तिचा हात थांबला. "हात सुटला तर?"

"सुटत न्हाय."

"तुझं काय जातंय? तू खड्ड्यात."

मी तिला रागावलो. पण त्या रात्री लुगड्याचा पदर विणायला घेताना माझी दोरी दोनदा चुकली, कारण ती रडली नव्हती. रडली असती तर समजूत घालता आली असती.

आदल्या दिवशीची संध्याकाळ आली. पटांगण भरून गेले. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला वडील माणसे, मधोमध वर्तुळ. नवरीचा भाऊ या नात्याने देवीपुढचा दिवा धरून उभे राहणे हे माझे काम, त्यामुळे मी फेरात नव्हतो. पण माझ्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही. वर्तुळाच्या अर्ध्या भागात मामा आणि त्यांचे वडगावकर, उरलेल्या अर्ध्यात आमचे पाच निपाणीकर आणि त्यांच्या भावकीतले आणखी काही, ज्यांना घरी गेल्यावर या पाचांनी शिकवले होते. मामांच्या उजव्या हातात त्यांचा स्वतःचा पुतण्या. डाव्या हातात आप्पांचा पंजा.

हलगी घुमू लागली. पाय पडू लागले. मी श्वास रोखून टाचा ऐकत होतो. एकसाथ! काकांचीही. वडगावकर एकमेकांकडे पाहू लागले. निपाणीच्या वखारीतली माणसे अशी नाचतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. मामांचा चेहरा पडला, हे मी दिव्याच्या उजेडात पाहिले.

अर्धा फेर झाला. आणि जेथे माझ्या घरात स्वयंपाकघराची भिंत असते त्या अंतरावर पोचताच सगळे निपाणीकर एका दमात थबकले, टाच आपटली आणि उलटे फिरले.

वडगावकर पुढे चालले होते. निपाणीकर मागे. एकीकडे काका आणि एक वडगावकर छातीवर छाती आदळून एकमेकांना मिठी मारून उभे राहिले. दुसरीकडे वर्तुळ ताणले गेले. आणि ते ताणले गेले नेमके मामा आणि आप्पा यांच्यामध्ये. बायकांतून किंकाळी आली. "आप्पा, पुढं! पुढं!" मी ओरडलो. आप्पांना ऐकू गेले नाही. त्यांचे पाय माझ्या मागाला भिऊन दाराकडे निघाले होते.

आता मी सांगतो ते नीट ऐकावे. आप्पांचा हात घामाने भिजला होता. तो मामांच्या पंजातून सरकत होता. तळवा सुटला, बोटे राहिली. मग बोटांची टोके राहिली. आप्पांनी धरले नव्हते. त्यांच्याने धरवतच नव्हते. मामांनी फक्त मूठ सैल करायची होती. सुटला असता तो निपाणीचा हात, आणि वडील माणसे तेथे बसलेलीच होती. बहीण बायकांच्या पुढे येऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिले नाही. मामांच्या मुठीकडे पाहत होतो.

मूठ आवळली गेली. मामांचे तोंड लालबुंद झाले, मनगट पिळवटले, पाय घसरले आणि ते आप्पांच्या मागे ओढले गेले. ओढले गेले ते उलटे फिरले. ते फिरले म्हणून त्यांचा पुतण्या फिरला आणि त्याच्यामागून सारे वडगाव फिरले. हलगीवाल्याने एक ठोका गिळला, पुढचा वाजवला. आख्खे वर्तुळ उलट चालू लागले.

अर्धा फेर मागे आला. निपाणीकर पुन्हा थबकणार हे मामांनी हेरले. "आरं, फिरा!" ते गरजले आणि या वेळी ते स्वतःच सर्वांच्या आधी टाच आपटून वळले. लोक हसू लागले, मग टाळ्या पडू लागल्या. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मामा हलगी थांबवण्याची खूणच करीनात. काकांनी शेवटी विनवले, "मामा, साकु, पुरं आता! पोळ्या वर याय लागल्यात!" तेव्हा कोठे त्यांनी हनुवटी उचलली.

हलगी थांबली. एकही हात सुटला नव्हता. वडील माणसांना काही ठरवावे लागले नाही.

वडगावकर याला औदार्य म्हणतात. मी म्हणतो, तो ताठा होता. ज्या माणसाने जन्मात कधी फेरात हात सोडला नाही, त्याला समोर कोण आहे हे दिसत नाही. त्याला फक्त धरणे ठाऊक असते. औदार्य असते तर त्या दुपारी आमच्याकडे आले तेव्हा ते पाहुण्यांबरोबर बसून चहा प्यायले असते. हे मी त्यांच्या नातवांना तोंडावर सांगितले आहे आणि पुन्हा सांगेन.

फेर मोडल्यावर मामा बायकांकडे गेले. डावा हात झाडीत, लंगडत. बहिणीपुढे उभे राहिले.

"बघितलंस न्हवं?" ते म्हणाले. "सुटला न्हाय."

"बघितलं, मामा. तुमी धरलासा."

"मग? सोडतो काय?" असे तिच्यावरच खेकसून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बहीण मी विणलेले लुगडे नेसून उभी राहिली. तिच्या पाठीशी, नवरीच्या मामाच्या जागी, मामा होते. डाव्या मनगटाला हळदीचा लेप लावून फडके गुंडाळले होते आणि तो सुजलेला हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला होता. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लोक जेवायला उठले, नवरा हार घालून कधीचा वाट पाहत राहिला. मामांचा हात तेथेच. शेवटी बहिणीने मान किंचित वळवली आणि हळूच म्हटले, "मामा, आता सोडा की."